चुंबकाला लागलेली माती

उरमोडीच्या काठच्या आमच्या गावात लहानपणी एक खेळ होता. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक सुतळीला बांधायचं आणि नदीच्या वाळूतून फरफटत न्यायचं. दहा-पंधरा पावलांत त्याला काळी दाढी फुटायची. ती भुकटी कागदावर झटकून खालून चुंबक फिरवलं की कण उभे राहून नाचायचे. कुणाची भुकटी जास्त, यावरून भांडणं व्हायची. हे लोखंड नदीत येतं कुठून, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही. लोहाराच्या भट्टीतून वाहून येतं, असं माझा थोरला भाऊ ठामपणे सांगायचा आणि मला ते पटलेलं होतं.

ते सह्याद्रीच्या काळ्या दगडातलं लोखंड आहे, हे मला खडकीला कळलं. १९८६ साली मी लष्कराच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, इंजिनिअरांच्या पलटणीत, भरती झालो. तिथे आमच्या बॅचला सुरुवातीच्या आठवड्यांतच रामा राघोबा राणे यांची हकीकत सांगितली गेली. कारवारजवळच्या चेंडियाचे राणे एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग काढत रणगाड्यांना वाट करून देत होते. जखमी झाल्यावरही ते थांबले नाहीत. त्या कामासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. हकीकत ऐकताना आमच्या मनात त्यांचं धैर्य असायचं. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादाच्या मनात त्यांचे हात असायचे. ‘राणेसाबांनी घाई केली असती तर रस्ता उघडला नसता,’ एवढंच तो म्हणायचा.

सुरुंग शोधायच्या यंत्राच्या, डिटेक्टरच्या, पहिल्या धड्याला त्या उस्तादाने तीन लाकडी खोकी मांडली. एकात समुद्राची पांढरी वाळू, दुसऱ्यात शेतातली काळी माती, तिसऱ्यात डोंगराचा मुरूम. एकेकाला पुढे बोलावून हेडफोन दिला. वाळूवर यंत्र गप्प राहिलं. काळ्या मातीवर ते गुणगुणलं. मुरमावर त्याने जी किंकाळी फोडली, तिने मी हेडफोन काढून मागे सरलो. आम्ही सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं, तिसऱ्या खोक्यात सुरुंग आहे. उस्तादाने तिन्ही खोकी जमिनीवर उलटी केली. कशातच काही नव्हतं. ‘ये जमीन बोल रही है. पहले इसको पहचानो,’ तो म्हणाला. नंतर खिशातून चुंबक काढून त्याने मुरमाच्या ढिगात खुपसलं आणि वर काढलं. मला माझी नदी आठवली.

यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सर्च हेडमध्ये तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलती वीज सोडली की भोवती बदलतं चुंबकी क्षेत्र तयार होतं. ते जमिनीतल्या धातूवर पडलं की धातूत वीज घोळू लागते आणि तिचं स्वतःचं बारीकसं क्षेत्र उठतं. यंत्र ते पकडतं आणि आपल्या कानात आवाज होतो. अडचण अशी की जमीनही उत्तर देते, आणि दोन वाटांनी देते. काळ्या दगडाच्या मातीत मॅग्नेटाइट, मॅगहेमाइट असे चुंबकी कण असतात, ते या क्षेत्राला प्रतिसाद देतात. खाऱ्या ओल्या जमिनीत पाण्यातूनच वीज वाहते, तो दुसरा प्रतिसाद. सगळ्यांत फसवे ते अतिसूक्ष्म चुंबकी कण, मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढे. क्षेत्र बंद झाल्यावर ते लगेच गप्प होत नाहीत, थोडे रेंगाळतात. धातूचा प्रतिसादही रेंगाळतच येतो. एकाचं रेंगाळणं दुसऱ्यासारखं वाटतं, आणि तिथे यंत्र गोंधळतं. विरण्याची रीत मात्र दोघांची निराळी असते. झटक्याझटक्याने क्षेत्र सोडणारी अलीकडची यंत्रं हा फरक मोजून मातीचा वाटा वजा करतात. त्याला ग्राउंड कॉम्पेन्सेशन म्हणतात. आमच्या खडकीच्या जुन्या यंत्रांत यातलं काही नव्हतं. होता एक खटका, सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करण्याचा. तो खटका फार मोहात पाडतो.

योझेफ कोसाट्स्की नावाच्या पोलिश लेफ्टनंटने दुसऱ्या महायुद्धात हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक तयार केला आणि १९४२ मध्ये अल् अलामीनच्या लढाईत तो वापरला गेला, असं पुढे वाचलं तेव्हा मला वाटलं, या यंत्राची पहिली मोठी कसोटी वाळवंटात लागली, हे त्याचं नशीब. आमच्या वाई-महाबळेश्वरच्या डोंगरात लागती तर त्याला कुणी विचारलं नसतं.

वाळवंटातली शांतता मी स्वतः अनुभवली आहे. २००१ च्या डिसेंबरात सैन्य पश्चिम सीमेवर गेलं आणि मैलोन्‌मैल सुरुंग पेरले गेले. पुढच्या वर्षी सैन्य माघारी फिरलं आणि सुरुंग उचलायचं काम सुरू झालं. मी तेव्हा नायक होतो. आपलेच सुरुंग होते, नकाशे-नोंदी आपल्याच होत्या, तरी वाळू कुणाच्या नोंदीला बांधील नसते. टेकाड सरकतं, त्याच्याबरोबर सुरुंग सरकतो, नाहीतर हातभर खोल जातो. यंत्राची तिथे काही तक्रार नव्हती. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर ठेवली तरी हेडफोनमध्ये फक्त आपला श्वास ऐकू यायचा.

मग आमचा सेक्शन श्रीगंगानगरकडे गेला. कालव्याच्या पाझराने तिथल्या कित्येक जमिनी खारवल्या आहेत. पहाटे दव पडलेलं, जमिनीवर मिठाची पांढरी साय, आणि डिटेक्टर सतत कुरकुरणारा. दुपारी वरचा थर वाळला की तीच जमीन पुष्कळ शांत व्हायची. म्हणजे सकाळी लावलेलं यंत्र दुपारी चुकीचं आणि दुपारी लावलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी चुकीचं. सीमेच्या कुंपणाजवळ तुटलेल्या काटेरी तारेचे तुकडे, ते वेगळेच.

एका सकाळी तासाभरात चाळीसेक खोटे आवाज झाले. प्रत्येक आवाजाला थांबायचं, गुडघ्यावर बसायचं, प्रॉडरने, म्हणजे टोकदार सळईने, तिरकं टोचत यायचं, हाताने माती बाजूला करायची आणि काही न सापडता उठायचं. दहा वाजेपर्यंत माझी मांडी थरथरू लागली होती. शेजारच्या लेनमधला, म्हणजे शेजारची पट्टी तपासणारा, जवान माझ्या पुढे निघून गेला होता. मी तो खटका दोन घरं खाली आणला. कुरकुर बंद झाली. इतकं बरं वाटलं! दुपारपर्यंत मी भराभर पुढे सरकलो.

संध्याकाळी आमचे सुभेदारसाहेब आले. त्यांनी लेनच्या सुरुवातीच्या मोकळ्या पट्टीत दहा सेंटीमीटरवर टेस्ट पीस पुरला आणि म्हणाले, ‘चालव.’ टेस्ट पीस म्हणजे सुरुंगात असतो तेवढ्याच धातूचा नमुना. मी हेड फिरवलं. काही वाजलं नाही. पुन्हा फिरवलं, अगदी जमिनीला लावून. नाही वाजलं. ते मला रागावले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. लेनकडे बघत राहिले, जिच्यावरून मी दिवसभर गुडघ्यांनी पुढे गेलो होतो आणि जी ‘साफ’ म्हणून मी वहीत लिहून दिली होती. दुसऱ्या दिवशी ती सगळी लेन मी पुन्हा केली. सुरुंग निघाला नाही. निघाला नाही यात माझं काही कर्तृत्व नव्हतं, आणि ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

पेन्शनीत आल्यावर २०१० मध्ये मी श्रीलंकेत गेलो, सुरुंग काढणाऱ्या एका संस्थेत. माझ्यासारखे बरेच निवृत्त सॅपर तिथे होते. तिथलं यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपलं होतं. उत्तरेकडची अडीच लाखांहून जास्त माणसं छावण्यांतून राहिली होती, आणि शेतं साफ झाल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नव्हतं. लष्करात असताना आम्ही वाट काढायला शिकलो होतो, सैन्य पुढे जाण्यापुरती. इथे वाट काढून भागत नाही. शेताचा प्रत्येक हात साफ झाला पाहिजे, कारण त्या चिखलात बाया रोपं लावणार, पोरं खेकडे धरणार. ठरलेल्या खोलीपर्यंत, बहुतेक ठिकाणी तेरा सेंटीमीटर, एकही सुरुंग राहता कामा नये.

आणि सुरुंग कसले? प्लॅस्टिकचे, तळहातावर मावणारे, ज्यांत धातू ग्रॅमभरसुद्धा नाही. १९९६ मध्ये सुधारलेल्या एका आंतरराष्ट्रीय करारानुसार माणसांविरुद्धच्या सुरुंगाने यंत्राला किमान आठ ग्रॅम लोखंडाएवढं उत्तर दिलं पाहिजे. भारताने तो करार मान्य केलेला आहे. पण जमिनीत आधीच पडलेल्या जुन्या सुरुंगाला करार कोण समजावणार? त्याच्यात एक बारीक सुई, एक डिटोनेटरची टोपी, एवढंच. ते उत्तर ऐकायचं आणि शेजारच्या मातीचं ऐकायचं नाही, हे आमचं काम.

आमच्या गटात स्थानिक तमिळ मुलंमुली होती. माझ्या हाताखाली एक मुलगी आली, चोविशीची. घरचा कर्ता माणूस लढाईत गेलेला, पाठीशी आई आणि दोन लहान भावंडं. ती मला अण्णा म्हणायची. तमिळमध्ये थोरला भाऊ तो अण्णा. आमच्या गावातही मला अण्णाच म्हणतात, त्यामुळे त्या हाकेला ओ द्यायला मला काही शिकावं लागलं नाही. बाकीचं बोलणं मद्रास सॅपर्समधले एक निवृत्त सुभेदार समजावून सांगायचे. हळूहळू थोडे शब्द माझ्याही तोंडी बसले. मण्ण म्हणजे माती, सेम्मण्ण म्हणजे लाल माती.

वावुनियाकडची जमीन तांबडी. ती पाहून मला कोकणच्या घाटाखालचा जांभा आठवला आणि मी मनाशी धरलं की यंत्र इथे ओरडणार. खिशातलं चुंबक टेकवलं तर काही ठिकाणी भरपूर दाढी आली आणि दोनशे पावलांवर तशाच लाल मातीत अगदी थोडी. लाल रंग आणणारी लोहखनिजं वेगळी, चुंबकाला धरणारी वेगळी. दोन्ही एकत्र असतातच असं नाही. उलट मन्नार जिल्ह्यात मुरुंकनजवळ काळी माती लागली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, पावसात पायाला जोड्यासारखी चिकटणारी. मी वाकून ती मुठीत घेतली तेव्हा क्षणभर शिवारात उभा असल्यासारखं वाटलं. चुंबक मात्र तिच्यातून जवळजवळ तसंच बाहेर आलं. आपली काळी माती काळ्या दगडाची लेक. ही तशी नव्हती. डोळ्याने माती ओळखण्याची शेतकऱ्याची खोड मी तिथे सोडली.

रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, एकच क्रम. आधी यंत्र हवेत धरून टेस्ट पीस किती अंतरावर वाजतो ते बघायचं. मग मातीशी जुळवून घ्यायचं. हेड जमिनीपासून वर न्यायचं, खाली आणायचं, पुन्हा वर, पुन्हा खाली, जोवर दोन्हीकडे आवाज एकसारखा राहत नाही तोवर. आमच्याकडे हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकून घेतात, कारण हवा दमट असेल तर तीच हलगी बद्द वाजते. मला ते तसंच वाटायचं. आणि शेवटी टेस्ट पीस तिथल्याच मातीत पुरून ऐकायचा. हवेतलं अंतर आणि मातीतलं अंतर यांत कधी तीन बोटांचा फरक पडायचा, कधी वितीचा.

यात एक धोका आहे, जो नवख्याच्या लक्षात येत नाही. ज्या जागेवर यंत्र जुळवतो त्या जागेत धातू असेल तर यंत्र त्या धातूलाच माती समजून बसतं. पुढे तसाच धातू आला तर ते त्याची दखल कमी घेतं. म्हणून जुळवायची जागा आधी हाताने खणून, चाळून साफ केलेली हवी. आणि ती त्याच शेताची हवी. हे दुसरं मला मन्नारमध्ये महागात पडता पडता राहिलं.

भातशेताच्या कडेने रस्ता होता. गाड्या तिथे थांबायच्या, सामान तिथे उतरायचं, म्हणून जुळवणीची जागाही आम्ही रस्त्याच्या कडेला केली होती. मी गटप्रमुख, जागा मीच निवडली. त्या मुलीने दोन दिवस काम केलं आणि तिसऱ्या दिवशी सुभेदारांना घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, ‘अण्णा, इथे यंत्र माझ्याशी नीट बोलतं. बांध ओलांडला की ते दुसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखं वाटतं.’ मी तिच्याबरोबर गेलो. बांधापलीकडच्या साफ पट्टीत तेरा सेंटीमीटरवर टेस्ट पीस ठेवला. वाजला नाही. आठवर वाजला. खिशातलं चुंबक रस्त्याच्या कडेला लावलं, काळंभोर झालं. शेतात लावलं, काही नाही. रस्त्याचा भराव बाहेरून आणलेल्या लाल खडीचा होता. आम्ही रोज सकाळी यंत्राला खडीची ओळख करून देत होतो आणि दिवसभर चिकणमातीत चालवत होतो.

दोन दिवसांचं काम पुन्हा करायचं ठरवलं. मीच तिच्या लेनमध्ये उतरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी, तिने ‘साफ’ लिहिलेल्या पट्टीत, अकरा सेंटीमीटरवर एक सुरुंग निघाला. तिने पाहिला. सुभेदारांना काही विचारलं. ते म्हणाले, ‘ती विचारते आहे, हा तिचा दोष का?’ मी म्हणालो, ‘जागा मी निवडली होती, तिला सांगा.’ त्या दिवसापासून प्रत्येक बांधाला नवी जुळवणीची जागा आणि प्रत्येकाच्या हातात एक चुंबक, हा आमच्या गटाचा नियम झाला.

आणखी पुष्कळ गोष्टी होत्या ज्या कुठल्या मॅन्युअलने नाही, जमिनीने शिकवल्या. रान जाळून शेती केलेल्या जागी जिथे मोठा बुंधा जळालेला असतो तिथे यंत्र हटकून वाजतं, कारण तापलेल्या मातीत चुंबकी कण वाढतात. आपल्याकडे जुन्या चुलीची, भट्टीची जागा उत्खनन करणारे याच गुणावरून शोधतात. पडक्या घरांभोवती विटांचे आणि कौलांचे तुकडे वाजायचे. भाजलेली माती तीच. जिथे जमीन बोलकी असते तिथे उंचवटे आणि खळगेही बोलतात, कारण हेड आणि जमीन यांतलं अंतर बदललं की आवाज बदलतो. म्हणून गवत कापायचं ते अगदी मुळाशी, आणि हेड फिरवायचं ते एका उंचीवर, एका चालीत. ऊन वाढलं की यंत्र स्वतःही थोडं सरकतं, बॅटरी उतरते, म्हणून टेस्ट पीस दिवसातून कितीतरी वेळा. ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला की सगळं नव्याने.

आणि काही जमिनींपुढे यंत्र हरतं. कितीही जुळवा, टेस्ट पीस ठरलेल्या खोलीवर वाजत नाही. अशा वेळी ते मान्य करायला हवं. एक उपाय म्हणजे थराथराने जायचं: पाच सेंटीमीटर माती काढा, ऐका, पुन्हा काढा. दुसरा उपाय दाताळं. श्रीलंकेत लांब दांड्याच्या दाताळ्यांनी सगळी माती सावकाश ओढून काढायची पद्धत चांगली रुजलेली आहे. यंत्र नाही, आवाज नाही, फक्त माती आणि दात. काम अतिशय हळू चालतं, दिवसाला थोडेच चौरस मीटर होतात, पण तिथे ‘मला ऐकू आलं नाही’ असं म्हणण्याची वेळ येत नाही. देणगीदारांकडून आलेले पाहुणे विचारायचे, इतकी भारी यंत्रं असताना हे का? मी त्यांच्या हातात दाताळं द्यायचो.

मुरुंकनजवळचं ते शेत परत दिलं, त्या दिवशी प्रथेप्रमाणे आमचा सगळा गट खांद्याला खांदा लावून त्याच्यावरून चालला, मालकाच्या डोळ्यांदेखत. आधी आम्ही, मग तो. म्हातारा होता. बांधापाशी येऊन थांबला. मुलीने त्याच्याशी काहीतरी बोलून हात पुढे केला आणि तो आत आला. पुढच्या हंगामात तिथे भात होता.

गावी परतल्यावर इकडच्या मुलांना वाटलं, अण्णांना यंत्र येतं, तेव्हा किल्ल्यावर धन शोधायला अण्णांना न्यावं. मी साफ नाही म्हटलं. संरक्षित किल्ल्यावर कुदळ मारणं हा गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तो कायदा १८७८ पासूनचा आहे. शिवाय आपल्या किल्ल्यांचा कातळ असा, की वीज पडलेल्या माथ्यावर होकायंत्राची सुईसुद्धा भलतीकडे वळते. तिथे स्वस्तातलं यंत्र दर पावलाला सोनं सांगेल आणि पोरं दर पावलाला खड्डा पाडतील. त्यांच्यातल्या दोघांना मात्र मी नदीवर नेलं आणि सुतळीला चुंबक बांधून दिलं.

माझं जुनं चुंबक, तेच स्पीकरमधलं, मी निघताना त्या मुलीकडे राहिलं होतं. दोन-तीन वर्षांनी तिचा फोटो आला. ती जाफन्याच्या वाटेवर मुहमालईला काम करत होती. एवढे सुरुंग पेरलेली जागा त्या बेटावर क्वचितच असेल. फोटोत ताडाची झाडं, लाल टोकांच्या काठ्यांची रांग आणि पुढे तिचा तळहात, त्यावर चुंबक. त्याला काहीच लागलेलं नव्हतं. खाली पांढरी वाळू होती. सोबत तिने विचारलं होतं, हे तुमचं आहे अण्णा, परत पाठवू का?

ठेव म्हणून कळवलं.